थायरॉईड आणि प्लास्टिक: गरम कालवणाची पिशवी सोडा, गोळी सोडू नका

देवगडच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, थायरॉईडच्या रक्ततपासणीत टीएसएच ८.४ म्हणजे वाढलेला, फ्री टी४ नॉर्मल, डॉक्टरांनी थायरॉईडची २५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. घरची छोटी खानावळ, रोज माशाचं कालवण आणि भात पार्सल जातो, तो सगळा पिशव्यांतून. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ पाठवला की प्लास्टिक बंद केलं की तीन महिन्यांत थायरॉईड बरा होतो. तर विचारतायत की हे प्लास्टिकनेच झालं का, गोळी सोडू का, अंगातलं प्लास्टिक मोजायची टेस्ट असते म्हणे ती करू का, आणि जाऊ तिसऱ्या महिन्याची गरोदर आहे तिला काही धोका आहे का.

ताई, आधी सरळ उत्तर देतो आणि मग सविस्तर बोलतो. गोळी सोडू नका. तुमचा टीएसएच प्लास्टिकमुळेच वाढला असं कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि प्लास्टिकचा थायरॉईडशी काही संबंधच नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याने गेल्या वीसेक वर्षांतलं काही वाचलेलं नाही. टेस्ट नको, पैसे वाया जातील. जावेचं मात्र लगेच बघा, ते शेवटी लिहिलंय. आणि मला खरं सांगायचंय ते हे की आपल्याकडे लोक घाबरतात ते चुकीच्या प्लास्टिकला. थंड पाण्याची बाटली फेकून तांब्याची आणतात, फोटो टाकतात, आणि त्याच घरात उकळतं कालवण पातळ पिशवीत ओतलं जातं, मागीलदारी बंब पेटवायला रिकाम्या पिशव्या घातल्या जातात आणि तो धूर घरातल्या बायकाच नाकात घेतात.

आता थायरॉईडचं काम थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. ही ग्रंथी रक्तातलं आयोडीन ओढून घेते आणि त्यातून मुख्यतः टी४ बनवते, थोडं टी३. टी४ म्हणजे साठा समजा, पेशींना खरं लागतं ते टी३, आणि टी४ चं टी३ लिव्हर, किडनी अशा ठिकाणी होतं. रक्तात कमी पडलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते, जास्त झालं की कमी करते. म्हणून तुमचा टीएसएच ८.४ आणि टी४ नॉर्मल याचा अर्थ ग्रंथी काम करतेय पण तिला जास्त ढकलावं लागतंय. आम्ही याला सबक्लिनिकल म्हणतो, म्हणजे अजून पूर्ण आजार नाही, उंबरठ्यावर आहे.

या साखळीत आयोडीन आत घेणं, हार्मोन बनवणं, रक्तातून नेणं, टी३ करणं, पेशीत कामाला लावणं आणि शेवटी लिव्हरने बाहेर काढणं अशा बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि प्लास्टिकशी संबंधित रसायनं यातल्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर लुडबुड करतात असं प्रयोगशाळेत दिसलंय. रक्तातून नेण्याचंच बघा. बहुतेक हार्मोन रक्तात मोकळं फिरत नाही, प्रथिनांना चिकटून जातं. एसटीची सीट म्हणा. काही रसायनांची, म्हणजे फोम आणि टीव्हीच्या कव्हरमध्ये आग लागू नये म्हणून घालतात ती ब्रोमिनवाली किंवा नॉनस्टिकसारख्या गोष्टींत वापरलेल्या रसायनांचं पीफास नावाचं मोठं खानदान, यांची बांधणी अशी की ती ट्रान्सथायरेटिन नावाच्या सीटवर हार्मोनच्या आधी येऊन बसतात, मग हार्मोन उघड्यावर पडतं आणि शरीर त्याला लवकर बाहेर काढतं. उंदरांत हे ठळक दिसतं. पण माणसात मुख्य सीट दुसऱ्याच प्रथिनाची असते, टीबीजी म्हणतात त्याला, ट्रान्सथायरेटिनवर थोडंच हार्मोन जातं, म्हणून उंदराचा आकडा उचलून माणसाला लावता येत नाही. व्हिडिओवाले नेमकं हेच करतात.

बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए. हे नाव सगळ्यांना पाठ झालंय, बाटल्यांवर बीपीए-फ्री छापून येतं त्यामुळे. हे कडक पारदर्शक पॉलिकार्बोनेटमध्ये असतं, डबाबंद खाण्याच्या टिनच्या आतल्या लेपात असतं आणि थर्मल कागदावर असतं. बीपीएचा सांगाडा थायरॉईड हार्मोनशी थोडा मिळताजुळता आहे आणि २००२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की पेशींमध्ये टी३ जिथे जाऊन बसतं तिथे बीपीए जाऊन त्याचं काम अडवू शकतं. हे झालं पेशींवर, काचेच्या भांड्यात. जिवंत माणसांत मात्र निकाल एकसारखे येत नाहीत, कुठे टीएसएच थोडा कमी, कुठे टी४ थोडा कमी, कुठे काहीच नाही. तरी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा आधीपेक्षा वीस हजार पटीने खाली आणली, वजनाच्या दर किलोला ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर. ते थायरॉईडमुळे नाही, रोगप्रतिकार यंत्रणेवरच्या परिणामांमुळे, हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे लहान मुलांच्या दुधाच्या बाटल्यांत पॉलिकार्बोनेट चालत नाही, तो नियम २०१५ पासून आहे.

आणि बीपीए-फ्री लेबलचं सांगतो. बऱ्याचदा त्यात बीपीए काढून बीपीएस किंवा बीपीएफ घातलेलं असतं, त्याचीच भावंडं. शिवाय आपण बाजारात घेतो ती पातळ मिनरल वॉटरची बाटली पेट प्लास्टिकची असते, तिच्यात बीपीए मुळात वापरतच नाहीत. म्हणजे ज्या बाटलीला लोक बीपीएसाठी सगळ्यात जास्त शिव्या देतात तिच्यात तेच नाहीये. लग्नात, ऑफिसात येतो तो वीस लिटरचा कडक निळा जार मात्र पुष्कळदा पॉलिकार्बोनेटचा असतो, तो टेम्पोत उन्हात उभा असतो आणि वर्षानुवर्षं घासून घासून धुतला जातो. तिकडे कुणाचं लक्ष नाही. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, आठवडाभर थंड पेयं पॉलिकार्बोनेटच्या बाटलीतून प्यायला दिली तर लघवीतलं बीपीए साधारण दोन तृतीयांशाने वाढलं. टिनमधलं सूप रोज एक वाटी पाच दिवस दिलं तेव्हा तर ते हजार टक्क्यांहून जास्त वाढलं. अर्थात आपल्याकडे टिनचं खाणारे कमी, मुंबईहून गणपतीला चाकरमानी आले की रसगुल्ल्याचे डबे येतात तेवढेच.

थर्मल कागदाचं मला जास्त वाटतं. एसटीत मशीनमधून निघतं ते तिकीट, पेट्रोल पंपाची पावती, एटीएमची चिठ्ठी. कागद थर्मल आहे की नाही हे नखाने घासून बघा, काळी रेघ उठली की थर्मल. त्याच्यावर हे रसायन पावडरसारखं मोकळं असतं, प्लास्टिकमध्ये बांधलेलं असतं तसं नाही, त्यामुळे बोटाला सहज लागतं, आणि हाताला सॅनिटायझर किंवा क्रीम असेल तर कातडीतून जास्त शिरतं. प्रवाशाला एका तिकिटाने काही होत नाही. दिवसभर रोल हाताळणारे कंडक्टर, पंपावरची पोरं, कॅशियर यांचा प्रश्न वेगळा. युरोपमध्ये जानेवारी २०२० पासून थर्मल कागदात बीपीएवर जवळपास बंदीच आहे. खानावळीत बिलाचं मशीन असेल तर गरज नसताना बिल काढू नका, आणि बिलांचा गठ्ठा हाताळल्यावर साबणाने हात धुवूनच भाकरीला बसा, बास.

थॅलेट्स हा दुसरा गट, आणि मोठ्या माणसांच्या थायरॉईडच्या बाबतीत मला हा बीपीएपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. कडक पीव्हीसी मऊ करायला हे घालतात, म्हणजे मऊ नळी, रेक्झिन, जमिनीवर अंथरायचं विनाइल, पावसाळी टेबलक्लॉथ. सेंट आणि वासाच्या क्रीममध्येही असतात. हे प्लास्टिकला रासायनिकरीत्या जोडलेले नसतात, नुसते मिसळलेले असतात, म्हणून तेल लागलं, गरम झालं की सुटतात. अमेरिकेत २००७-०८ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या तेराशेहून जास्त प्रौढांचे नमुने तपासले तेव्हा डीईएचपी या थॅलेटचे अंश लघवीत जितके जास्त तितकं रक्तातलं टी४ थोडं थोडं कमी, पायरीपायरीने, असं दिसलं. बोस्टनमधल्या पुरुषांतही आधी असंच काहीसं आलं होतं.

पण 'थोडं' हा शब्द सोडू नका. यातल्या बहुतेक लोकांचं टी४ नॉर्मलच्या आतच होतं, नॉर्मलमध्ये जरा खाली सरकलेलं. दुसरं म्हणजे रक्त आणि लघवी एकाच दिवशी घेतलेली, मग आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे कळायला मार्ग नाही. आणि तिसरं, बीपीए आणि थॅलेट्स शरीरातून काही तासांत, फार तर दिवसाभरात निघून जातात, मग एका दिवसाच्या लघवीवरून माणसाच्या वर्षाचा अंदाज बांधायचा म्हणजे एका दिवशीच्या जाळ्यावरून मोसमाचा हिशोब लावण्यासारखं झालं. म्हणून मी याला संबंध आहे असं म्हणतो, कारण आहे असं म्हणत नाही.

पीफासचं प्रकरण मात्र वेगळं, कारण हे शरीरातून जातच नाही लवकर. या खानदानातलं पीएफओए अर्धं व्हायला दोन ते चार वर्षं लागतात, त्याच्या पीएफओएस नावाच्या भावंडाला त्याहून जास्त. नॉनस्टिकचा थर बनवायला, तेल न शोषणाऱ्या कागदाला, पाणी न लागणाऱ्या कपड्यांना हे वापरलं गेलं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या एका टेफ्लॉनच्या कारखान्याने नदीकाठच्या गावांचं पाणी खराब केलं, त्यावरून कोर्टकज्जा झाला आणि जवळपास ६९ हजार लोकांचं रक्त तपासलं गेलं, आणि २०१२ पर्यंत तज्ज्ञांच्या समितीने सहा आजारांशी पीएफओएचा संभाव्य संबंध जाहीर केला. त्या सहात थायरॉईडचा आजार आहे. २०१० मध्ये साध्या अमेरिकन लोकसंख्येत, म्हणजे कारखान्याजवळ न राहणाऱ्यांतही, रक्तात पीएफओए सगळ्यात जास्त असलेल्या बायकांमध्ये थायरॉईडची गोळी चालू असण्याचं प्रमाण कमी असलेल्यांच्या सव्वादोन पट निघालं. मोठ्या माणसांच्या बाबतीत माझ्या मते सगळ्यात वजनदार पुरावा हाच.

हे लांबच्या देशातलं वाटेल, पण लोटे परशुराम लांब नाही. इटलीत विचेन्झाजवळ ट्रिसिनोला मितेनी नावाचा पीफासचा कारखाना होता, त्याने आसपासच्या तीन जिल्ह्यांचं भूजल खराब केलं, २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत निघाला, जून २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री विकत घेऊन आणली गेली ती आपल्या खेड तालुक्यातल्या लोट्याच्या एमआयडीसीत. याचा अर्थ लोट्याचं पाणी खराब झालंय असं मी म्हणत नाही, पुराव्याशिवाय असं म्हणणं बरोबर नाही. अर्थ एवढाच की तिथल्या आणि दाभोळ खाडीकाठच्या ग्रामपंचायतींनी विहिरींचं पाणी पीफाससाठी तपासून मागायला हवं, आणि नेहमीच्या पाणी तपासणीत पीफास येत नाही, ते वेगळं सांगावं लागतं. पाणी उकळून पीफास जात नाही, उलट पाणी आटतं तेवढं ते घट्ट होतं. आरओने किंवा चांगल्या कार्बन फिल्टरने जातं.

नॉनस्टिक तव्याबद्दल हमखास विचारतात म्हणून इथेच सांगतो, खरवडलेला तवा बघून झोप उडवू नका, तो पापुद्रा पोटात गेला तर तसाच बाहेर पडतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरून धूर होईपर्यंत तापवणं हे वाईट. तसाही घावण्यांना बिडाचा तवा असताना नॉनस्टिक कशाला हवा हे मला कळलेलं नाही.

आता तुमच्या रिपोर्टवर येऊ. भारतात आठ शहरांत पाच हजारांवर प्रौढांची पाहणी झाली होती, २०१३ मध्ये छापून आली, त्यात मुंबई आणि गोवाही होते. जवळजवळ ११ टक्के लोकांत थायरॉईड कमी काम करत होती, आणि त्यांच्याशिवाय साधारण ८ टक्के तुमच्यासारखे उंबरठ्यावरचे. आणि साधारण २२ टक्के लोकांत अँटी-टीपीओ म्हणजे स्वतःच्याच थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या. किनाऱ्यावरच्या शहरांत थायरॉईड कमी काम करण्याचं प्रमाण आतल्या शहरांपेक्षा थोडं कमी होतं, साडेनऊच्या आसपास. तर तुमच्या वयाच्या बाईचा टीएसएच ८.४ आला की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते या अँटीबॉडीवाल्या आजाराचं, हाशिमोटोचं, प्लास्टिकचं नाही. आईला, मावशीला, बहिणीला थायरॉईड आहे का हे आधी आठवा. अँटी-टीपीओ एकदा करून घ्या, तो रिपोर्ट पुढच्या दहा वर्षांचं बरंच काही सांगतो. पॉझिटिव्ह आली तर प्लास्टिक सोडून तो आजार जाणार नाही, टीएसएच हळूहळू वर जाण्याचीच शक्यता जास्त.

दुसरं म्हणजे मीठ. कुठलं मीठ वापरता? आपल्याकडे अजून शिरोड्याच्या मिठागरांचं खडेमीठ घरात असतं, लोणच्याला, सुक्या माशाला, कैऱ्या खारवायला, आणि काही घरांत रोजच्या जेवणालाही तेच. १९३० च्या सत्याग्रहाचं मीठ म्हणून मलाही त्याचं कौतुक आहे, पण समुद्राचं आहे म्हणून त्यात आयोडीन भरपूर असेल हा समज चुकीचा, साध्या समुद्री मिठात ते नगण्य असतं. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हातात पडताना किमान १५ पीपीएम असावं असा नियम आहे. हल्ली गुलाबी सैंधवाची फॅशन आलीये, तेही आयोडीनशिवायचंच. मासे रोज खात असाल तर थोडं आयोडीन तिकडून येतं. आयोडीन कमी असताना वरून ही रसायनं आली तर ग्रंथीची जास्त ओढाताण होते, म्हणून मी प्लास्टिकबद्दल विचारणाऱ्या पेशंटला आधी मिठाबद्दल विचारतो. लोणचं खडेमिठाचं घाला खुशाल, रोजच्या आमटी-भाजीत आयोडीनचं घाला. पण आयोडीनच्या नाहीतर समुद्री शेवाळाच्या गोळ्या ऑनलाईन मागवू नका, जास्त आयोडीननेही हाच आजार बळावतो.

आता खानावळ. इथे खरंच बदलण्यासारखं आहे, आणि ते तुमच्या टीएसएचसाठी कमी आणि रोज पार्सल नेणाऱ्या पन्नास लोकांसाठी आणि वाफेत उभं राहून पिशव्यांना गाठ मारणाऱ्या माणसासाठी जास्त. रसायन सुटायला उष्णता, तेल, आंबटपणा आणि वेळ लागतो. माशाच्या कालवणात काय नसतं? उकळतं असतं, वर नारळाच्या दुधाचा तवंग, आत कोकम, आणि गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत अर्धा तास. त्यात पिशवी जर ती काळी किंवा रंगीत, भंगारातून पुन्हा बनवलेल्या प्लास्टिकची असेल तर तिच्यात काय काय वितळवलंय हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. असल्या पिशवीत खाण्याची वस्तू देणं कायद्यानेही चालत नाही. वर्तमानपत्रात भजी बांधणंही चालत नाही, पण आपल्याकडे चालतंच.

मी काय करा म्हणतो, तर रोजच्या गिऱ्हाइकांना सांगा स्टीलचा डबा घेऊन या, दोन रुपये कमी घ्या. बरेच जण आणतात. नाहीतर आपलेच डबे अनामत घेऊन द्या. बाकीच्यांसाठी पिशवीऐवजी पॉलिप्रोपिलीनचा कडक डबा, ज्याच्या बुडाला त्रिकोणात ५ आकडा असतो तो, आणि त्यातही कालवण चुलीवरून उतरल्या उतरल्या ओतू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा, वाफ जाऊ द्या. फार वेळ कोमटही ठेवू नका, मासा आहे तो, दोन तासांच्या वर बाहेर राहिला तर थायरॉईडच्या आधी पोट बिघडेल. अॅल्युमिनियमच्या डब्यात कोकमाचं नको, आंबटाने अॅल्युमिनियम सुटतं. भाकऱ्या, तळलेली तुकडी केळीच्या पानात द्या, देवगडात केळीची पानं काय कमी आहेत? चहा पिशवीतून पार्सल देणं तर पूर्णच बंद करा. कागदी कपही तसा निर्दोष नाही, आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, खरगपूर आयआयटीने २०२० मध्ये दाखवलं की ८५-९० अंशाचं १०० मिली पेय पंधरा मिनिटं ठेवलं तर प्लास्टिकचे जवळपास २५ हजार सूक्ष्म कण सुटतात. त्या कणांनी माणसाची थायरॉईड बिघडते असं सिद्ध झालेलं नाही, पण काचेचा ग्लास असताना ते प्यायचं कशाला.

सोलकढी पेटच्या बाटलीत थंड भरून फ्रीजमध्ये ठेवलीत तर मला काही अडचण नाही. तीच बाटली धुवून पुढे वर्षभर कोकमाचं आगळ भरायला वापरता ते मात्र नको, आगळ महिनोन् महिने राहतं आणि भयंकर आंबट आणि खारट असतं, त्याला काच. लोणच्याला चिनी मातीची बरणी होतीच आपल्याकडे, सासूबाईंची माळ्यावर असेल, खाली काढा. खोबरेल प्लास्टिकच्या कॅनमध्ये उन्हात ठेवू नका. मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक नको, त्यावर काही लिहिलेलं असो.

आणि बंब. नारळाची सोडणं, करवंट्या, चुडतं एवढं जळण परसात पडलेलं असताना लोक पेटवण घ्यायला दुधाची पिशवी घालतात कारण ती चटकन पेट घेते. त्या कचऱ्यात पीव्हीसीचा तुकडा गेला, वायरचं आवरण, जुनी चप्पल, पाईप, की क्लोरीन येतं आणि त्यातून डायॉक्सिन तयार होतं. डायॉक्सिन लिव्हरला टी४ जास्त वेगाने बाहेर टाकायला लावतं, हे प्राण्यांत नीट दाखवलेलं आहे, आणि ते चरबीत वर्षानुवर्षं राहतं. बाटलीतून पाणी पिण्यापेक्षा रोज सकाळी हा धूर घेणं मला कितीतरी वाईट वाटतं. ग्रामपंचायत कचरा नेत नाही हे मला माहीत आहे, तरी साठवून कणकवलीला भंगारवाल्याला द्या, जाळू नका. फाटलेल्या नायलॉन जाळ्यांचंही तेच.

हे सगळं केल्याने फरक पडतो का? रसायनं कमी होतात हे नक्की. सॅन फ्रान्सिस्कोजवळ पाच कुटुंबांतल्या वीस जणांना फक्त तीन दिवस प्लास्टिक आणि टिनचा स्पर्श नसलेलं ताजं जेवण दिलं तर लघवीतलं बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी आणि डीईएचपीचे अंश पन्नासहून जास्त टक्क्यांनी उतरले. पण त्यांचा टीएसएच सुधारला का हे त्या अभ्यासाने बघितलंच नाही. व्हिडिओवाला तीन महिन्यांत बरं होतं म्हणतो, त्याची एक खरी बाजू अशी की उंबरठ्यावरचा टीएसएच काही लोकांत काहीही न करता दोन-तीन महिन्यांत आपोआप खाली येतो. मग त्यांनी त्या दरम्यान तांब्याची बाटली घेतली असेल तर श्रेय तांब्याला. म्हणूनच आम्ही उंबरठ्यावरच्या केसमध्ये शक्यतो एकदा पुन्हा तपासून मग गोळी ठरवतो. तुमची गोळी एकाच रिपोर्टवर सुरू झाली असेल तर तुमच्या डॉक्टरांना हे शांतपणे विचारा, मनाने बंद करू नका.

'डॉक्टरानू, ही गोळी आता जन्मभर खावची काय?' हे मला रोज ऐकावं लागतं. उत्तर अँटीबॉडीवर आणि पुढच्या दोन रिपोर्टवर आहे. तोपर्यंत उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा-एक तास आधी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांनी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी बंद, नाहीतर रिपोर्टच चुकतो. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनीच तपासा, त्याआधी आकडा स्थिर होत नाही. एकजण मला विचारत होते की गोळ्याच प्लास्टिकच्या डबीत येतात त्याचं काय. कोरडी गोळी, तेल नाही, उष्णता नाही, काही होत नाही. ती डबी चुलीजवळच्या फळीवर पावसाळ्यात उघडी ठेवली तर मात्र दमटपणाने गोळीच निकामी होते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर टीएसएच उगाच वाढण्याचं ते एक कारण मी धरतो.

टेस्टचं. लघवीतलं बीपीए आणि थॅलेट मोजून देणाऱ्या लॅब आहेत, हजारो रुपये घेतात. तो आकडा तुम्ही काल काय खाल्लंत ते सांगतो, आणि आकडा आला तरी त्यावर औषध काही नाही. डिटॉक्सचे काढे, पायाला लावायच्या पट्ट्या, सगळं सोडा. रक्तातलं पीफास मोजण्याला अर्थ आहे पण तो दूषित पाण्याच्या भागातल्या लोकांसाठी. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०२२ मध्ये सल्ला दिलाय की रक्तात पीफासची बेरीज मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम किंवा जास्त असेल तर प्रौढांचा टीएसएच तपासावा. तुमचा टीएसएच तर आपण आधीच तपासतोय.

मासे बंद करू का असंही खाली विचारलंयत. अजिबात नाही. प्लास्टिकचे बहुतेक कण माशाच्या आतड्यांत असतात आणि ती आपण काढून टाकतो. तिसऱ्या, कालवं ही शिंपल्यातली आपण अख्खी खातो, ती नदीच्या मुखाशी गटारं येतात तिथली नकोत, एवढंच.

जाऊबाई. गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉईड कामाला लागलेली नसते, मेंदू घडताना ते आईच्याच टी४ वर असतं, आणि आईची गरज साधारण तीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. मोठ्या माणसात टी४ चा जो फरक मी वर 'थोडा' म्हटला तो इथे थोडा म्हणून सोडता येत नाही. म्हणून तिचा टीएसएच या आठवड्यातच करून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा, नाहीतर बाहेर. रोजच्या जेवणात आयोडीनचंच मीठ. बंब पेटवायचं काम तिच्याकडून काढून घ्या. पार्सल बांधायलाही नको. नेलपॉलिश, सेंट सध्या नको. पण प्रसूतीच्या वेळी किंवा आधी सलाईन लागलं तर नळी प्लास्टिकची आहे म्हणून नको म्हणायला लावू नका, तिथे हिशोब वेगळा असतो. रिपोर्ट आला की कितवा आठवडा चालू आहे ते सोबत लिहून दाखवा, कारण गरोदरपणातला टीएसएच लॅबने छापलेल्या नेहमीच्या रेंजवर वाचायचा नसतो.